नदीकाठच्या आपल्या गावाचा जुना इतिहास कसा शोधायचा (नेवाशाचं उदाहरण घेऊन)

गावाचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण पहिल्या ओळीत "अनादी काळापासून" लिहून मोकळे होतात, दुसऱ्या ओळीत पांडव एक रात्र मुक्काम करून जातात आणि तिसऱ्या ओळीत थेट शिवाजी महाराज, मधली दीड-दोन हजार वर्षं गायब. मीपण असंच लिहिलंय एकदा, आजोळच्या यात्रेच्या स्मरणिकेसाठी, त्यामुळे कोणाला हसत नाहीये. पण नंतर नाद लागला आणि कळलं की छोट्याशा गावाचा अगदी सुरुवातीचा इतिहासपण बऱ्यापैकी शोधता येतो, डिग्री लागत नाही, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे आणि जिथे काही मिळत नाही तिथे गप्प बसता आलं पाहिजे. हे दुसरं जास्त अवघड आहे.

उदाहरण म्हणून नेवासा घेतो, अहिल्यानगर (म्हणजे जुनं अहमदनगर) जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठावरचं. ज्ञानेश्वरीमुळे नाव सगळ्यांना माहीत आहे पण त्याच्या आधीचं नेवासं फार कमी लोकांना माहीत असतं, आणि तिथे खोदकाम झालंय, शिलालेख आहे, ग्रंथात उल्लेख आहे, दंतकथा तर भरपूर, त्यामुळे शिकायला बेस्ट.

सुरुवात लायब्ररीतून करू नका, नदीतून करा. एप्रिल-मे मध्ये जा, मृग लागायच्या आत, पाणी खाली गेलेलं असतं तेव्हा. काठाकाठाने दोन-तीन किलोमीटर वर आणि तेवढंच खाली चाला आणि तीन गोष्टी बघा: उतार कुठे आहे (म्हणजे पाणी उथळ, तळ खडकाळ, बैलगाडी जाईल अशी जागा), उन्हाळ्यात न आटणारा डोह कुठे आहे, आणि काठ उंच कुठे आहे, म्हणजे पूर आला तरी वर पाणी चढणार नाही. हे तिन्ही जवळजवळ असतील आणि मागे काळी जमीन असेल तर तिथे कधी ना कधी वस्ती असणारच असं धरून चाला. एक मात्र लक्षात ठेवा, आजचं पाणी बघून जुन्या नदीचा अंदाज बांधायचा नाही. प्रवरेवर वर भंडारदऱ्याला १९२६ मध्येच धरण झालंय, आणि खाली ती प्रवरासंगमला गोदावरीला मिळते त्याच्या पुढे जायकवाडी आहे, म्हणजे आज दिसतं ते पाणी कालवे आणि आवर्तनांच्या हिशोबाने येतं. दरड बघा, पाणी नको.

दरड म्हणजे नदीने कापलेला उभा काठ, आणि ती फुकटात मिळालेला खोदकामाचा खड्डाच आहे. सगळ्यात खाली खडक, त्यावर गोल गोट्यांचा थर, कधीकधी सिमेंट ओतल्यासारखा घट्ट झालेला, त्यावर गाळ, वर काळी माती. नेवाशाजवळ या गोट्यांच्या थरातच दगडी हत्यारं मिळाली. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया १९५०च्या दशकात तिथे काम करत होते तेव्हा मोठ्या हातकुऱ्हाडींपेक्षा वेगळी, लहान, चर्ट-जास्परसारख्या गुळगुळीत दगडाची हत्यारं त्यांना दिसली, आणि मध्य पुराश्मयुगातल्या त्या प्रकाराला नावच पडलं नेवासियन. जवळच चिरकी नाल्यापाशी १९६०च्या दशकात गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन बाईंनी खोदकाम केलं, तिथे त्याहून जुनी, हातकुऱ्हाडींची जागा मिळाली. म्हणजे गाव नव्हतं तेव्हापासून माणूस या काठावर येऊन जातोय. आता तुमच्या गावच्या दरडीत असं काही मिळेलच असं नाही, आणि दहापैकी नऊ वेळा जे "हत्यार" वाटतं तो साधा फुटका गोटा असतो. माझ्याकडे अशा गोट्यांचा एक डबा भरून होता, एका जाणकाराने एकेक बघून पाच मिनिटात रिकामा केला.

मग पांढरी शोधा. जुनी माणसं अजून बोलतात, काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे गावठाण. शेकडो वर्षं एकाच जागी मातीची घरं बांधली, पडली, त्याच्यावर परत बांधली, चुलीची राख, शेण, चुना, हाडं सगळं तिथेच पडलं की जमीन राखाडी-पांढरट होते आणि आजूबाजूच्या रानापेक्षा उंच होते. त्याला टेकाड म्हणा, पांढरीचं टेकाड म्हणा. लोक धाब्यावर (म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर) टाकायला आणि शेतात खत म्हणून ही माती गाड्या भरभरून न्यायचे, त्यात कितीतरी टेकाडं संपली, पण त्यामुळेच कोणत्या रानातून पांढरी माती आणायचे हे म्हाताऱ्यांना बरोबर आठवतं. तर प्रश्न असा विचारायचा नाही की "आपल्या गावाचा इतिहास काय", त्याचं उत्तर तुम्हाला पांडवच मिळेल. विचारायचं, "धाब्याला माती कुठून आणायचे?", "नांगरताना खापरं कुठल्या रानात निघतात?", "जुनी वीट कोणाच्या विहिरीत लागली?" गुरव, कुंभार, नदीकाठचे कोळी, विहिरी खणणारे, मेंढरं घेऊन फिरणारे, ही माणसं आधी गाठा. सरपंचाकडे चहा शेवटी प्या.

टेकाड सापडलं की खोदायचं नाही. परत सांगतो, खोदायचं नाही, काडीनेसुद्धा. जागा संरक्षित असेल तर सरळ गुन्हा आहे, आणि नसेल तरी १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, त्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी, थरातून उपटलेली वस्तू अर्धी मुकी होते. प्रवरेवरच दायमाबाद आहे, तिथे १९७४ मध्ये झुडपाचं मूळ उकरताना एका माणसाला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला, देशात गाजलेल्या वस्तू आहेत त्या, पण शास्त्रशुद्ध खड्ड्यात कुठल्या थरात होत्या हे नोंदलं गेलेलं नसल्यामुळे त्यांच्या काळावरून अभ्यासकांची वादावादी झाली. तुमच्या हातून तसं नको. वर पडलेलं खापर उचला, शेजारी दहाचं नाणं ठेवून दोन्ही बाजूंनी आणि कडेने फोटो काढा, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा आणि खापर होतं तिथेच ठेवा.

खापर ओळखायला फार काही लागत नाही, पाच-सहा प्रकार डोळ्यात बसले की झालं. सगळ्यात जुनं जे आपल्याकडे नदीकाठी बऱ्याचदा मिळतं ते जोर्वे प्रकारचं: लालसर, पातळ, वर काळ्या रंगात रेघा-जाळ्या, भाजणी इतकी चांगली की नखाने टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. जोर्वे हे गावपण प्रवरेवरच आहे, संगमनेरजवळ, १९५०-५१ मध्ये तिथे खोदलं म्हणून ते नाव. तोटीचं भांडं आणि पोटाला कंगोरा असलेली वाटी ही त्याची खूण. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. त्यानंतरचं सातवाहन काळातलं म्हणाल तर चकचकीत लाल पॉलिशचं खापर, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, आणि विटा. वीट हाताने मोजा, आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीची असेल तर उड्या मारायला हरकत नाही. निळी-हिरवी काचेसारखी झिलई असलेलं खापर दिसलं तर ते बरंच नंतरचं, मध्ययुगातलं. आणि सरळ रेघांचं, काळपट, जाड, साधं खापर दिसलं तर ते बहुतेक तुमच्या पणजीने फोडलेल्या रांजणाचं आहे.

आता नेवाशाचं टेकाड बघू, म्हणजे थर कसे वाचायचे ते कळेल. त्याला लाडमोड म्हणतात. सांकळिया, शां. भा. देव आणि डेक्कन कॉलेजची मंडळी यांनी १९५४ ते ५६ आणि परत १९५९ ते ६१ मध्ये तिथे खोदलं. खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती, म्हणजे तांबं थोडं आणि दगडी पाती भरपूर असे शेतकरी लोक, मातीच्या जमिनीची घरं आणि हेच जोर्वेचं खापर. त्या घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं मिळाली, जास्त करून लहान मुलं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि मूल आत. म्हणजे मूल गेलं तर गावाबाहेर नेलं नाही, घरातच ठेवलं, ज्या जमिनीवर बाकीची भावंडं खेळत होती तिच्याच खाली. यातल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांच्या आत चक्क दोरा शिल्लक होता. तांबं गंजतं तेव्हा त्याच्या क्षारांमुळे कुजवणारे जीवजंतू जवळ येत नाहीत, म्हणून असा धागा कधीतरी टिकतो. तो तपासला तर त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही निघालं. तीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. राजाचं नाव नाही, लढाई नाही, ताम्रपट नाही, कोणीतरी बसून दोरा वळला आणि मुलाच्या गळ्यात घातला एवढंच, आणि माझ्यासाठी नेवाशाच्या अख्ख्या इतिहासात याच्यावर काही नाही.

त्याच्या वर सातवाहन काळ. नेवाशाहून पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, लांब नाही, गोदावरीनेच खाली जायचं. या थरात रोमन ॲम्फोराची खापरं मिळाली, म्हणजे भूमध्य समुद्राकडून दारू किंवा तेल घेऊन येणारे ते उंच, दोन कानांचे रांजण. जहाजाने कोकण-गुजरातच्या बंदरावर, तिथून घाट चढून प्रवरेच्या काठी, एवढ्या लांबून कोणीतरी तो रांजण आणला आणि इथे फोडला. आता इथे एक मोह होतो, "आमच्या गावात रोमन लोक राहायचे" असं लिहायचा. लिहू नका. रांजण आला म्हणजे रोमन माणूस आला असं नाही, तुमच्या घरात चिनी मोबाइल आहे म्हणून तुमच्या गल्लीत चिनी माणूस राहत नाही.

आणि मग येते गंमत. साधारण इ.स. २०० नंतर लाडमोडवर वस्तीच नाही. त्यानंतरचे थर एकदम सुलतानी-मराठा काळातले, मध्ये हजारावर वर्षं कोरी. फक्त टेकाडावरून लिहायचं ठरवलं तर नेवासं ओसाड पडलं असं लिहावं लागेल. पण ज्ञानेश्वरी कधीची? शेवटच्या ओव्यांमध्येच लिहिलंय, "शके बाराशतें बारोत्तरें", म्हणजे शके १२१२, त्यात ७८ मिळवा, इ.स. १२९०. बरोबर त्या कोऱ्या जागेत! तिथेच यादव राजा श्रीरामचंद्र याचं नाव आहे, पंचक्रोश क्षेत्र आणि महालया हे दैवत आहे, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा आहेत. म्हणजे १२९० मध्ये नेवासं चांगलं नांदतं क्षेत्र होतं, फक्त लोक त्या टेकाडावर राहत नव्हते. नदीकाठची गावं अशी सरकतात, पुरामुळे, साथीमुळे, उतार बदलल्यामुळे, कधी नुसतं देऊळ दुसरीकडे बांधलं म्हणूनसुद्धा. तर तुमच्या गावच्या टेकाडावर एखादा काळ मिळाला नाही तर लगेच "गाव उद्ध्वस्त झालं, परकीय आक्रमण झालं" असं काही रंगवू नका, आधी दुसऱ्या काठावर जाऊन बघा.

ग्रंथातला उल्लेख वाचतानापण डोळे उघडे ठेवा. त्याच ओव्यांमध्ये ठिकाण सांगताना "गोदावरीच्या कूलीं" (म्हणजे काठी) म्हटलंय, आणि नेवासं तर प्रवरेवर. काही जण यावरून वाद घालतात, पण मला वाटतं क्षेत्राचं माहात्म्य सांगताना मोठ्या नदीचं नाव घेणं साहजिक आहे, संगम जवळच आहे, आणि आपणसुद्धा परगावी गेल्यावर "पुण्याजवळचे" म्हणून सांगतोच की. हे माझं मत झालं, आणि ते मत म्हणूनच लिहायचं, ओवीच्या खाली वेगळ्या ओळीत.

शिलालेखाचं तर विचारूच नका. नेवाशातला पैस खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, त्यावर संस्कृत लेख कोरलेला आहे. खूप लोकांना वाटतं त्यात ज्ञानेश्वरांबद्दल काहीतरी असणार. तो आहे करवीरेश्वराच्या देवळातल्या दिव्याच्या तेलाबद्दल, महिन्याला सहा रूपकांचं दान. मला हे वाचून उलट जास्त आनंद झाला, कारण त्यातून देवळाचं नाव कळतं, देव कोणता ते कळतं, चलन कळतं, आणि तेल विकत मिळत होतं म्हणजे तेली होते, बाजार होता हे कळतं. शिलालेख दिसला की आधी तो काय म्हणतो ते वाचून घ्या (देवनागरी असला तरी जाणकाराकडून), आणि त्यावर रंग, शेंदूर, खडू काही फासू नका, दुपार टळल्यावर तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

गावाच्या नावाचा कीस पाडायला सगळ्यांना आवडतं. नेवाशाचं जुनं नाव निधिवास सांगतात, कुबेराने इथे आपला निधी ठेवला म्हणून. म्हाळसेचं माहेर नेवासं असंही सांगतात, आणि मोहिनीराजाचं देऊळ तर आहेच, तिथेच देवांना अमृत वाटलं म्हणे. या कथा फेकून द्यायच्या नाहीत, कोणी सांगितली, कधी सांगितली, त्यांनी कोणाकडून ऐकली हे लिहून वेगळ्या वहीत ठेवायच्या, कारण कथा कुबेराचा काळ सांगत नसली तरी लोकांना गावाबद्दल काय वाटत होतं ते सांगते. पण नावाच्या शेपटाकडेपण बघा. नेवासा खुर्द आणि नेवासा बुद्रुक, हे खुर्द-बुद्रुक फारसी शब्द, लहान आणि मोठं. म्हणजे नावाचा हा तुकडा यादवांनंतरचा, सुलतानी काळात महसुलाच्या कागदावर चिकटलेला. आणि आज तालुक्याचं ठिकाण आहे खुर्दमध्ये, म्हणजे "लहान" गाव मोठं झालं.

आता कागद. पहिला कागद गॅझेटियर. अहमदनगरचं जुनं गॅझेटियर १८८४ चं आहे, ऑनलाइन फुकट वाचता येतं, त्यात गावाच्या नावाने छोटी नोंद मिळते, देऊळ कोणी बांधलं, बाजार कोणत्या वारी, शिलालेख कुठे वगैरे. साहेबाने स्थानिक कारकुनाकडून ऐकून लिहिलेलं असतं त्यामुळे डोळे झाकून घेऊ नका, पण १८८४ मध्ये काय उभं होतं त्याला ते साक्षीदार आहे. दुसरा, पुरातत्त्व खात्याचा "इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू" हा वार्षिक अहवाल, १९५३-५४ पासूनचा, त्यात गावाचं नाव शोधा, कधीकधी दोनच ओळी असतात पण "टेकाड, सातवाहन खापर" एवढं लिहिलेलं मिळालं तरी दिवस सत्कारणी. तिसरा, महानुभावांचं लीळाचरित्र आणि स्थानपोथी, गोदाकाठच्या कितीतरी गावांची, देवळांची नावं त्यात आहेत, तुमचं गाव त्या पट्ट्यात असेल तर आधी हे बघा. चौथा, भूमी अभिलेखमधला जुना गावनकाशा, त्यात जुने रस्ते, पाणंद, उतार, ओसाड गावठाण दिसतं. आणि पाचवा, पेशवे दप्तर आणि घराघरातली मोडी कागदं.

मोडी कागदात माझी जी फजिती झाली ती सांगतोच. मामाकडे एक वतनाचा कागद होता, वरच्या कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने ११७४ लिहिलेलं. मी लगेच हिशोब केला, इ.स. ११७४, यादव काळ! स्मरणिकेत छापलं, "आमचं घराणं यादवकालीन", मामाने दहा प्रती जास्त घेतल्या. दोन वर्षांनी मोडी शिकलेल्या एका मुलीने कागद वाचला, सुरुवातीलाच "अर्बा सबैन मया व अलफ", म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, शुहूर सन (मराठा काळातल्या कागदांवर अरबी आकड्यांत लिहिलेला सन) ११७४, त्यात ५९९ मिळवायचे, निघालं १७७३-७४. सहाशे वर्षं एका पेन्सिलीत गेली. तर लक्षात ठेवा, शके असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते चैत्र पाडव्याच्या आतली तिथी असेल तर ७९), शुहूर असेल तर ५९९, वर्ष मृगापासून सुरू होतं म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ६००, आणि फसली (महसुलाचा सन) असेल तर ५९०, जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१. नुसता आकडा असेल आणि कोणता सन ते कळत नसेल तर आकडा तसाच लिहा.

लिहायला बसाल तेव्हा साधी वही घ्या, तीन रकाने पाडा: काय, कशावरून, किती खात्री. "इथे सातवाहन काळात वस्ती होती / टेकाडावर मोठ्या विटा आणि लाल पॉलिशचं खापर, फोटो आहेत / बऱ्यापैकी." "उतार देवळाखाली होता / मी बघितला / पक्की." असं. मधल्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल तर ती ओळ कथांच्या वहीत. आणि लिहून झालं की छापायच्या आधी ते ज्यांनी सांगितलं त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवा. मी आजोळच्या नव्वदीच्या आजीला वाचून दाखवत होतो, उताराची ओळ आली तशी ती म्हणाली, "आरं त्यो उतार न्हाई, तिथं म्हशी धुवायच्या. उतार खाली, चिंचंपाशी." चिंच आता नाहीये. जाऊन बघितलं तर पात्रात तिथे खडक सपाट आहे, पलीकडच्या काठाला जुन्या गाडीवाटेची घळ आहे, आणि तिच्या वर दरडीत खापरं आहेत.